बर्गमॉटच्या वासाखालचा चहा

ओट्यावर पाच पांढरे कप ओळीने मांडले होते. प्रत्येकात काट्यावर मोजलेली ३ ग्रॅम चहापत्ती, वर १५० मिलिलिटर आधण, आणि वाफ आत कोंडून राहावी म्हणून प्रत्येक कपावर एक बशी उपडी. पाच मिनिटं झाली तशी मी पहिली बशी उचलली, आणि तेवढ्यात शेजारच्या काकू दारातून डोकावल्या. "कुणाला ताप आलाय का गं? कोलनवॉटरचा वास येतोय."

काकूंचं नाक अगदी बरोबर होतं. त्यांच्या लहानपणी ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरची घडी ठेवत. हे कोलनवॉटर म्हणजे ओ द कोलोन. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जोव्हान्नी मारिया फारिना या इटालियन अत्तरकाराने जर्मनीतल्या कोलोन शहरात ते बनवलं, आणि त्यातला एक मुख्य वास बर्गमॉटचा होता. माझ्या पाचही कपांतल्या अर्ल ग्रे चहात येतो तोही हाच. त्यामुळे ज्यांनी अर्ल ग्रे कधीच प्यायला नाही अशा कितीतरी मराठी माणसांना त्याचा वास मात्र आजारपणाच्या आठवणीसह ओळखीचा असतो. पहिल्याच घोटाला अनेक जण "साबणासारखं लागतंय" म्हणतात, त्याचंही कारण हेच. अनेक साबण, अत्तरं, कोलनवॉटर आणि हा चहा, सगळ्यांत वास एकाच फळाच्या सालीचा आहे.

हे फळ आपल्या बाजारात दिसत नाही. संत्र्याएवढं, कधी देठाकडे जरासं निमुळतं, आधी हिरवं आणि पिकल्यावर लिंबासारखं पिवळं. आंबट संत्रं आणि लिंबू यांच्या संकरातून ते आलं. रस इतका आंबट आणि कडवट असतो की संत्र्यासारखं सोलून कुणी खात नाही. जगातलं बहुतेक बर्गमॉट एकाच ठिकाणी पिकतं: इटलीच्या बुटाच्या अगदी टोकाला, कॅलाब्रिया प्रांतात, अस्प्रोमोंते डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या अरुंद किनारपट्टीवर. लागवड इतरत्रही झाली आहे, पण तेलाचा दर्जा ठरतो तो रेज्जो कॅलाब्रियाच्या तेलाशी ताडून. २००१ साली युरोपीय संघाने या तेलाला त्याच्या मूळ स्थानाचं संरक्षण दिलं, आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनासारखं.

तेल सालीत असतं, बारीक बारीक पिशव्यांत. मोसंबी सोलताना डोळ्यात उडतो तो फवारा आठवा. यंत्रं येण्याआधी कॅलाब्रियात हे काम हाताने चालायचं. फळ मधोमध कापायचं, गर कोरून काढायचा आणि उरलेली साल स्पंजावर दाबून पिळायची. तेल स्पंजात शिरायचं, स्पंज मातीच्या भांड्यात पिळला जायचा. १८४४ साली निकोला बारिल्ला याने साल खरवडून तेल काढणारं यंत्र तयार केलं आणि धंदा बदलला. पण आजही हे तेल उष्णता न देता, दाबून किंवा खरवडूनच काढतात. साधारण २०० किलो फळांतून १ किलो तेल निघतं. तोडणी नोव्हेंबरपासून मार्चच्या आसपासपर्यंत चालते. सुरुवातीच्या हिरव्या फळांचं तेल हिरवट असतं, आणि मोसम सरत जातो तसा त्याचा रंग पिवळा होत जातो.

आता या वासात नेमकं काय आहे ते आपल्याच स्वयंपाकघरात ओळखता येतं. चहा चाखण्याआधी मी हा प्रयोग करायला सांगते. संत्र्याची साल घ्या आणि नखाने खरवडून हुंगा. तो टवटवीत, नाकाच्या शेंड्याशी झोंबणारा वास मुख्यतः लिमोनीनचा. संत्र्याच्या तेलात ते नव्वद टक्क्यांहून जास्त असतं. मग धण्यांचा डबा उघडा. चिमूटभर धणे तळहातावर घेऊन न भाजता जोरात चोळा आणि डोळे मिटून वास घ्या. मसाल्याचं नाव मनातून काढून टाकलं तर तिथे एक गोडसर, फुलासारखा वास सापडतो. तो लिनलूलचा, धण्याच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच. बर्गमॉटच्या तेलात लिमोनीन आहे, लिनलूल आहे, आणि लिनलूलचंच एक भावंड, लिनलिल अ‍ॅसिटेट, भरपूर आहे. लव्हेंडरच्या फुलातही हीच भावंडं असतात. संत्र्याच्या सालीत लिमोनीन जवळजवळ एकटं असतं म्हणून तिचा वास सरळसोट वाटतो, आणि बर्गमॉटमध्ये त्याला फुलांची जोड मिळते म्हणून तो अत्तरासारखा वाटतो.

धण्यातलं आणि बर्गमॉटमधलं लिनलूल मात्र एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं आहेत, डावा हात आणि उजवा हात असावा तशी. घटक तेच, पण जुळणी उलटी, म्हणून वासही किंचित वेगळा. निसर्ग बर्गमॉटमध्ये जवळजवळ एकच हात बनवतो, तर कारखान्यात सर्वसाधारणपणे बनवलेल्या लिनलूलमध्ये दोन्ही हात सारखेच सापडतात. बर्गमॉटचं महागडं तेल भेसळीचं आहे का, हे प्रयोगशाळेत याच फरकावरून पकडतात.

आणि मला या सगळ्यात सर्वांत आवडणारी गोष्ट: लिनलूल खुद्द चहाच्या पानातही असतं. काळा चहा बनताना पानं सुकतात, चुरगळली जातात, हवेशी त्यांची प्रक्रिया होते, तेव्हा ते मोकळं होतं. उंचावरच्या सिलोन चहाला, निलगिरीच्या चहाला, दार्जिलिंगला जो फुलांचा वास येतो त्यात त्याचा मोठा हात आहे. म्हणजे बर्गमॉट हा चहाला परका पाहुणा नव्हे. चहात आधीपासून असलेला एक सूर तो उचलून मोठ्याने म्हणतो. मात्र मुळात तो सूर चहात असायला हवा.

वासाखाली चहा कसा आहे, नेमक्या याच प्रश्नापाशी अर्ल ग्रेचा इतिहास अडखळतो. चार्ल्स ग्रे, दुसरे अर्ल ग्रे, १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान होते. १८३२ चा मतदान सुधारणेचा कायदा आणि १८३३ चा गुलामगिरी संपवणारा कायदा त्यांच्या सरकारचे. त्यांच्या नावाच्या चहाची कथा पुष्कळ पाकिटांवर छापलेली असते: एका चिनी अधिकाऱ्याच्या मुलाचा जीव वाचवला म्हणून कृतज्ञतेने ही कृती भेट मिळाली. पण ग्रे चीनला कधी गेलेच नाहीत. दुसरी कथा त्यांच्या नॉर्थम्बरलंडमधल्या हॉविक हॉल या वाड्याची. तिथल्या पाण्यातला चुना झाकायला एका चिनी माणसाने बर्गमॉट घालून चहा जुळवून दिला, असं सांगतात. लंडनच्या दोन जुन्या चहा पेढ्या, ट्वायनिंग्ज आणि जॅक्सन्स, दोघीही मूळ कृती आपलीच म्हणत आल्या.

छापील पुरावा मात्र वेगळीच गोष्ट सांगतो. चहाला बर्गमॉट लावल्याचा उल्लेख इंग्लंडमध्ये १८२४ पासून सापडतो, आणि तो हलक्या चहाची चव वर आणण्याच्या संदर्भात. १८३७ साली लंडनच्या एका पेढीवर आरोप झाला की ती बर्गमॉटचा वास लावलेला चहा खास चिनी चहा म्हणून खपवते. अर्ल ग्रेचं नाव लावलेल्या मिश्रणाच्या जाहिराती येतात त्या थेट १८८० च्या दशकात, जर्मिन स्ट्रीटवरच्या चार्लटन पेढीच्या. तोवर ग्रे जाऊन चार दशकं होत आली होती. म्हणजे ज्या वासाला पुढे उमरावाचं नाव मिळालं, तो आधी हलका माल झाकायला वापरला जात होता.

ग्रे आणि चहा यांचा खराखुरा संबंध माझ्या मते दुसरीकडेच आहे, आणि तो पाकिटावर कुणी छापत नाही. चीनशी चहाचा व्यापार करण्याची ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी १८३३ च्या कायद्याने संपवली गेली, ती ग्रे यांच्याच सरकारात. त्यानंतर कोणताही ब्रिटिश व्यापारी चिनी चहा आणू शकत होता. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा आला तो १८३९ च्या जानेवारीत. म्हणून ग्रे यांच्या काळातला बर्गमॉटचा चहा कोणीही केलेला असो, त्याखाली चहा चिनीच असणार.

तेव्हा अर्ल ग्रे चाखायचा म्हणजे वासाखाली काय आहे ते बघायचं. वास सगळ्यांनाच येतो. त्यासाठी चाखणारा लागत नाही. एक साधी युक्ती आहे. नाक चिमटीत घट्ट धरा आणि कोमट चहाचा घोट घ्या. अर्ल ग्रे गायब होतो. बर्गमॉटला जिभेवर कळेल अशी चव जवळजवळ नाहीच. तो घशाच्या मागून नाकात चढणारा वास आहे. नाक बंद असताना जे उरतं ते निव्वळ चहाचं अंग: तुरटपणा, कडवटपणा, घोटाचं वजन. मग घोट गिळताना चिमटी सोडा. एका क्षणात सगळं कोलनवॉटर परत येतं. हा फरक एकदा अनुभवला की तेल आणि चहा कायमचे वेगळे कळू लागतात.

दुसरी युक्ती वेळेची. सुगंधी तेल वाफेबरोबर उडतं, त्यामुळे कप गरम असताना तेल पुढे असतं आणि निवत जाईल तसा चहा पुढे येतो. मी प्रत्येक कप तीनदा चाखते: कडकडीत असताना फक्त हुंगून, कोमट झाल्यावर चमच्याने फुर्रकन ओढून, आणि अर्ध्या तासाने पूर्ण गार झाल्यावर. तो फुरका पाहुण्यांसमोर वाईट दिसला तरी चाखणाऱ्याला हवाच. हवेबरोबर चहाचे बारीक तुषार तोंडभर होतात आणि वास मागून वर चढतो. व्यावसायिक चहापारखीही असंच करतात. चहा चाखण्यासाठी तयार करण्याचं एक आंतरराष्ट्रीय मानकही आहे, दर १०० मिलिलिटरला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं. पिण्यासाठी एवढा वेळ जास्त होतो, पण उणिवा उघड्या पडायला तो बरा. मी मधला मार्ग म्हणून पाच मिनिटं ठेवते. सगळ्या कपांना पाणी एकच, आणि शक्यतो बोअरचं जड पाणी नको. जड पाण्यात चहावर तपकिरी तवंग येतो आणि तजेला जातो.

त्या दिवशीच्या पाच कपांत पहिला होता एका टीबॅगचा. बशी उचलताच सर्वांत मोठा दरवळ त्याचाच. रंग मिनिटभरातच गडद, कारण आत पत्तीचा चुरा, आणि चुऱ्याचा रंग झटकन उतरतो. कोमट असताना नाक धरून घोट घेतला तर जिभेच्या दोन्ही कडा आक्रसल्या आणि मागे काहीच उरलं नाही. गार झाल्यावर त्याला ओल्या पुठ्ठ्याची चव आली. १८३७ मध्ये ज्याची तक्रार झाली तोच प्रकार, फक्त आता तो पाकिटावर उघड लिहिलेला असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा पाकिटावर 'फ्लेवर्ड टी' असे शब्द असतात. त्यापुढे वास कशाचा आणि तो नैसर्गिक तेलाचा की बनवलेला, हेही वाचून घ्यावं.

दुसरा कप आसामचा. आसामला माल्टसारखा, भाजलेल्या धान्यासारखा एक भरीव गोडवा असतो. त्यावर बर्गमॉट बसवणं अवघड जातं. दोघं एकाच खोलीत वेगवेगळं बोलतात. मात्र या एका कपात दूध घातलं तर तो उजळला. तुरटपणा दुधातल्या प्रथिनांनी ओढून घेतला आणि वरचा वास गोड झाला. इथे एक भीती अनेकांना वाटते ती दूर करते: बर्गमॉट लिंबाच्या जातीचं असलं तरी त्याने दूध फाटत नाही. दूध फाटतं आंबटामुळे, आणि चहात आहे ते सालीचं तेल, रस नव्हे. लिंबाची फोड टाकलेल्या चहात मात्र दूध घालू नका.

तिसरा दार्जिलिंगचा, पाचांत सर्वांत महाग. मला त्याचं वाईट वाटलं. दार्जिलिंगच्या पानाला स्वतःचा इतका नाजूक सुगंध असतो की वरून तेल पडलं की तो ऐकूच येत नाही. गार झाल्यावर, अर्ध्या तासाने, बर्गमॉट ओसरलं तेव्हा खालून हिरव्या द्राक्षासारखं काहीतरी हळूच वर आलं. ते आधीपासून तिथे होतं. ज्याला दार्जिलिंग आवडतं त्याने ते साधंच प्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथा निलगिरी पर्वतरांगेतल्या चहाचा. (निलगिरीचं तेल आणि हा चहा यांचा काही संबंध नाही, ते झाड वेगळं.) हा कप मला फार जवळचा वाटला. रंग उजळ तांबूस, घोट स्वच्छ, आणि चहाचा स्वतःचा फुलांचा सूर बर्गमॉटच्या हातात हात घालून चालला होता. कुठे तेल संपलं आणि कुठे चहा सुरू झाला ते चिमटी सोडल्याशिवाय कळलं नाही. उंचावरचा सिलोन चहाही असाच वागतो, आणि अनेक जुन्या कंपन्या तो का वापरतात ते यावरून समजतं.

पाचवा कीमून. चीनच्या आन्हुई प्रांतातल्या छीमेनचा हा काळा चहा, १८७५ च्या सुमारास सुरू झालेला, आणि अर्ल ग्रेसाठी तो परंपरेने उत्तम मानला जातो. नाक धरून घोट घेतल्यावर तो गुळगुळीत लागला, जिभेला न ओरबाडणारा. नाक सोडल्यावर आधी बर्गमॉट आला, आणि तो उतरल्यावर खालून कोकोसारखा, किंचित धुरकट असा एक खर्ज. वरचा सूर आणि खालचा सूर यांच्यामध्ये मोकळी जागा होती. गार झाल्यावरही हा कप पिण्याजोगा राहिला, आणि माझ्या मोजणीत तोच पहिला आला.

तेल किती असावं, हा शेवटी ज्याच्या त्याच्या सवयीचा प्रश्न. ट्वायनिंग्जने २०११ साली आपल्या अर्ल ग्रेत बर्गमॉट वाढवून लिंबाची छटा घातली, तेव्हा जुन्या पिणाऱ्यांनी इतका संताप व्यक्त केला की आधीची चव 'क्लासिक' नावाने परत आणावी लागली. चहाच्या वासाला माणसं किती जीव लावतात ते यावरून कळतं. निळ्या पाकळ्या टाकलेला अर्ल ग्रेही मिळतो. त्या पाकळ्या डोळ्यांना छान वाटतात, चवीत त्यांचा वाटा जवळपास नाही.

अतिरेक मात्र टाळावा. बर्गमॉटच्या तेलात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं. त्यामुळे अंगाला लावलेल्या तेलावर ऊन पडलं की त्वचा भाजते, म्हणून अत्तरांसाठी ते काढून टाकलेलं तेल वापरतात. २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रियातल्या एका रुग्णाची नोंद आली. दिवसाला ४ लिटरपर्यंत अर्ल ग्रे पिणाऱ्या या माणसाच्या स्नायूंत गोळे येत होते, आणि साधा काळा चहा सुरू केल्यावर ते थांबले. दिवसाला एक-दोन कप पिणाऱ्याने यातून घाबरून जाण्याचं कारण नाही.

अर्ल ग्रे आपल्या पद्धतीने पातेल्यात खळखळून उकळू नका, एवढी एक विनंती. आपला गवती चहा उकळी सोसतो, कारण त्याचं तेल पातीच्या आत असतं आणि हळूहळू सुटतं. बर्गमॉटचं तेल पत्तीवर फवारून, ढोलात फिरवून वरवर चढवलेलं असतं. ते पहिल्या उकळीलाच स्वयंपाकघरात निघून जातं. कपात राहतो कडू चहा.

साठवणीचा धडा मी नुकसान करून शिकले. एका पावसाळ्यात अर्ल ग्रेचं उघडं पाकीट साध्या दार्जिलिंगच्या शेजारी ठेवलं, आणि महिनाभरात दार्जिलिंगलाही कोलनवॉटरचा वास लागला. चहापत्ती वास पिते. तेव्हापासून अर्ल ग्रेला वेगळा घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, वेगळी गाळणी, आणि जागा मसाल्यांपासून दूर. पत्ती सादळली किंवा फार जुनी झाली की तेल हवेने बिघडतं आणि टर्पेंटाइनसारखा दर्प येतो. तसा आला तर ते पाकीट टाकून द्यावं.

काकू तोवर ओट्याशी टेकून पाचही कप चाखत होत्या, नाक धरून, सोडून, पुन्हा धरून. चौथ्या कपापाशी त्या दोनदा आल्या. "हा बरा आहे," म्हणाल्या, "पण आपल्या गवती चहाला असाच मोजून कधी चाखलायस का तू?" मी चाखला नव्हता. त्या गॅलरीतल्या कुंडीतून दोन पाती कापून आल्या, मी बिनवासाच्या निलगिरीची ३ ग्रॅम पत्ती तोलली, आणि आधण पुन्हा ठेवलं.